दाखल्यावर कावीळ

माझ्या आजारपणाच्या पहिल्या पाच वैद्यकीय दाखल्यांच्या नकला माझ्याकडे आहेत. पाचही दाखल्यांवर ‘कावीळ’ असं लिहिलं आहे. मला कावीळ कधीच झाली नाही.

सहाव्या दाखल्यावर खऱ्या आजाराचं नाव आहे. पहिल्या दाखल्यापासून सहाव्यापर्यंत काय घडलं, ते इथे लिहिते आहे. ज्यांच्या घरी असाच एखादा आजार दुसऱ्या नावाने राहत असेल, त्यांना याचा उपयोग व्हावा.

कुप्या

१९८२ साली मी एकवीस वर्षांची होते. वडील मुंबईत एका सरकारी कचेरीत कारकून. तीन वर्षांपूर्वी आम्ही लालबागच्या चाळीतली खोली सोडून वाशीला दोन खोल्यांच्या घरात आलो होतो. घराला स्वतःचा संडास होता, आणि दार लावलं की आतलं कोणाला दिसत नव्हतं. चाळीत असतो तर माझा आजार आठ दिवसांत सगळ्या मजल्याला कळला असता.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कारखान्यात कामाला होते. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या तपासणं हे माझं काम. समोर अर्धा काळा, अर्धा पांढरा फळा. वर ट्यूबलाइट. कुपी उलटी करायची, सरळ करायची, आत एखादा कण तरंगतो का ते पाहायचं. पांढरा कण काळ्यावर दिसतो, काळा कण पांढऱ्यावर. चांगल्या कुप्या उजव्या ट्रेमध्ये, कण असलेल्या डाव्यामध्ये.

जूनपासून माझा डावा ट्रे भरू लागला. एके दिवशी उजव्या ट्रेमध्ये एकही कुपी नव्हती. आमच्या सुपरवायझर सावंतबाईंनी डावीकडची एक उचलून प्रकाशात धरली.

“शैला, यात काय आहे गं? मला तर काही दिसत नाही.”

“कण आहेत.”

“कुठे?”

“सगळ्यांत.”

त्यांनी मला डोळे तपासून घ्यायला सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे उत्तम असल्याचं सांगितलं. तोपर्यंत माझं जेवण अर्ध्यावर आलं होतं. पहाटे तीनला जाग यायची आणि आपण कोणाच्याच कामाचे नाही, हा एकच विचार उजाडेपर्यंत चालायचा. आपण नसलो तर घरचे सुटतील, असंही वाटायचं. हे मी कोणाला बोलले नाही. मी रडतही नव्हते. रडले असते तर घरच्यांना निदान कळलं असतं. वेणी घालायला हात वर करणं हे मला दिवसाचं सर्वांत मोठं काम वाटू लागलं, आणि एका सोमवारी मी ते केलंच नाही. कारखान्यातही गेले नाही.

लोक कारण विचारतात. प्रेमभंग नव्हता, घरात भांडण नव्हतं, परीक्षेत नापास होण्याचं वय गेलं होतं. कारण मला आजही माहीत नाही.

टिकणारं काहीतरी

कारखान्यातल्या प्रत्येकाकडे कामगार विम्याचं कार्ड असायचं. आजारी पडलं की विम्याच्या यादीतल्या डॉक्टरकडे जायचं आणि दर आठवड्याला दाखला घ्यायचा. दाखला चालू असेपर्यंत कामावरून काढता येत नसे. दाखला थांबला की कामावर हजर व्हायचं. मी अजून कायम झाले नव्हते. डिसेंबरमध्ये होणार होते.

बाबा मला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि म्हणाले, “अशक्तपणा आहे. दोन दिवस देतो.”

“दोन दिवसांत नाही व्हायचं, साहेब,” बाबा म्हणाले. “काहीतरी टिकणारं लिहा.”

त्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीत काविळीची साथ होती. डॉक्टरांनी वर न बघता कावीळ लिहिली.

बाबा खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. कचेरीतली पेन्सिलसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. पण मुलीचं लग्न व्हायचं होतं, आणि कावीळ बरी होते हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या आजाराविषयी आमच्याकडे एकच शब्द होता: ठाणे. तिथे मनोरुग्णालय असल्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ ही आमच्याकडची रोजची थट्टा. माझ्या कारखान्याकडे जाणाऱ्या बसच्या पाटीवरही ‘ठाणे’च असायचं. आईने त्या पावसाळ्यात त्या बसचं नाव घेणं सोडलं. ती ‘तुझी गाडी’ म्हणायची.

पथ्य

दाखल्यावर कावीळ आली तेव्हा ती घरातही आली. शेजारच्या कुलकर्णीकाकू विचारपूस करायला आल्या की स्वयंपाकघरात डोकावत. म्हणून आईने फोडणी बंद केली. हळद बंद, तेल बंद, तिखट बंद. तिघंही उकडलेला दुधी आणि मऊ भात खात होतो. काकू उसाचा रस आणत, समोर बसून पाजत आणि म्हणत, “बघ हं, चेहरा उजळला.” मी पीत होते. नाही म्हणायला लागणारी शक्ती माझ्यात नव्हती.

माझ्या नसलेल्या आजाराचं पथ्य बाबांनीही पंधरा दिवस पाळलं. त्यांचं वजन माझ्यापेक्षा जास्त उतरलं.

हिराबाई

पथ्य म्हणून मासळीही बंद झाली. त्यामुळे हिराबाईला सुगावा लागला. ती वाशी गावातून टोपली घेऊन आमच्या ओळीत यायची. खाडीवरून आलेली ताजी मासळी, भाव ठरलेला, घासाघीस केली की टोपली उचलून चालू लागायची. पंधरा दिवस आईने दार उघडलं नाही तेव्हा तिने काकूंना विचारलं, आणि काकूंनी सांगितलं की मुलीला कावीळ आहे.

हिराबाई कावीळ उतरवायची. त्यासाठी तिच्याकडे बेलापूरपासून माणसं येत. आमच्याकडे ती न बोलावता आली. टोपली उंबऱ्याबाहेर ठेवली, हात धुतले आणि आईकडे वाडगाभर पाणी व चुना मागितला. त्या चुन्याच्या पाण्यात ती रोग्याचे हात धुवायची आणि पाणी पिवळं व्हायचं. आईला नको म्हणता येईना. कावीळ झालेल्या घरात हिराबाईला परत पाठवणारं कोणी नव्हतं.

ती माझ्यासमोर बसली. माझी हनुवटी उचलून खिडकीकडे वळवली. दोन्ही डोळे पाहिले, मग नखं पाहिली. चुन्याची डबी बंद करून आईला परत दिली.

“हिला कावील नाय.”

“डॉक्टरांनी लिहून दिलंय,” आई म्हणाली.

“दाक्तर लिवंल. डोले बग कसे सफेद हायत. माज्यापेक्षा सफेद. तुजा चुना कशाला फुकट घालवू?” मग ती माझ्याकडे वळली. “काय गो बाय, काय व्हतंय तुना?”

दोन महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. मी म्हणाले, “काही नाही होत. काहीच नाही होत.”

“माजी भैन अशीच बसायची,” ती म्हणाली. “आमी अंगारे केले, धुपारे केले. येल गेली निगून. तुमी शिकलेली मानसं. हिला मोठ्या दवाखान्यात न्या.”

जाताना तिने दारातून सांगितलं, “आनि भाताला फोडनी द्या जरा. घरात वास नाय कसला.”

त्या दिवशी आईने लसणाची फोडणी दिली. संध्याकाळी ती बाबांना काहीतरी म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाबांनी रजा टाकली.

निदान

मुंबईतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात आमचा नंबर दुपारी एकला लागला. डॉक्टर देवस्थळी पन्नाशीच्या होत्या. त्यांनी आईबाबांना बाहेर बसवलं. पाऊण तास त्या बोलल्या, म्हणजे मुख्यतः थांबल्या. मी उत्तर देईपर्यंत त्या दुसरा प्रश्न विचारत नव्हत्या. पहाटेचं मी त्यांना सांगितलं. मी नसले तर घरचे सुटतील, हेही सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, जसं कोणी ताप किती ते लिहून घेतो.

मग त्यांनी आईबाबांना आत बोलावलं.

“हिला डिप्रेशन आहे. आजार आहे, स्वभाव नाही. याला औषध आहे. दाखल करावं लागेल.”

“म्हणजे ठाण्याला?” आईने विचारलं.

“इथेच. दुसऱ्या मजल्यावर.”

बाबांनी दरवाजा लागला आहे ना ते पाहिलं. “डॉक्टर, कागदावर कावीळ लिहिता येईल का? विम्याकडे तसं गेलंय.”

“मी कावीळ लिहिली तर तिला खाली काविळीच्या वॉर्डात ठेवतील,” देवस्थळी म्हणाल्या. “तिथे चांगले डॉक्टर आहेत. पण तिला जे झालंय त्याचं औषध तिथे नाही.”

बाबांनी खरं निदान लिहिलेला रुग्णालयाचा कागद घडी करून खिशात ठेवला. तो त्यांनी विम्याच्या कचेरीत दिला नाही. मी वॉर्डात असताना ते दर शनिवारी वाशीच्या डॉक्टरकडून काविळीचा दाखला आणत राहिले. दोन्ही कागद वेगळ्या खिशांत ठेवले तर दोन्ही खरे राहतील, असा त्यांचा हिशेब असावा.

दुसरा मजला

सहाला चहा. सातला गोळ्या, आणि त्या गिळल्या की नाही हे तोंड उघडून दाखवायचं. नऊला डॉक्टर. दहा ते बारा एका लांब टेबलाशी बसून फार्मसीसाठी कागदाची पाकिटं चिकटवायची. बाराला जेवण. चार ते सहा भेटीची वेळ. पहिल्या आठवड्यात मला या वेळापत्रकाचा राग यायचा. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की पुढे काय करायचं हे मला ठरवावं लागत नाही, आणि त्याने डोकं हलकं होतं.

रुग्णासोबत घरचं एक माणूस राहणं सक्तीचं होतं. आई राहिली. कोणी ओळखीचं दिसेल म्हणून पहिले दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून बसली. वॉर्डातल्या आयाबाई मालनबाई तिला म्हणाल्या, “ओ आई, भिंतीला काय आजार झालाय का? पोरीकडे बघा. ताट तसंच आहे तिचं.”

तिसऱ्या दिवशी आईने माझी वेणी घातली. ते पाहून समोरच्या पलंगावरची बाई येऊन पाठ करून बसली. आठवडा संपेपर्यंत आई रोज दुपारी चार-पाच जणींना तेल लावून वेण्या घालत होती, आणि कोणाच्या केसांत गुंता जास्त यावर मालनबाईंशी वाद घालत होती.

शेजारच्या पलंगावर कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती. पाकिटं चिकटवताना तिने हळूच विचारलं, “तुला घरी काय झालंय?”

“कावीळ. तुला?”

“टायफॉइड.” तिने समोरच्या बाईंकडे मानेने खूण केली. “त्यांचं गावी पोटाचं ऑपरेशन झालंय.”

मला हसू आलं. तिलाही आलं. मग आवरेना. मालनबाई धावत आल्या, आणि आम्ही हसतो आहोत हे पाहून तशाच परत गेल्या. जूननंतर मी पहिल्यांदा हसले होते. देवस्थळींनी दुसऱ्या दिवशी ते केसपेपरवर नोंदवलं.

गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, हात थरथरायचा. पण तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मला पाच वाजेपर्यंत झोप लागली.

पाचवा दाखला

त्याच आठवड्यात विम्याच्या कचेरीतून घरी पत्र आलं. रजा लांबल्यामुळे त्यांच्या तपासणी डॉक्टरांपुढे हजर राहायचं होतं. मी देवस्थळींना विचारलं, आत्ता कामावर गेले तर काय होईल?

“औषध नुकतं लागू पडतंय. अजून दीड महिना तरी उपचार हवेत. आत्ता गेलीस तर जिथून आलीस तिथेच जाशील.” त्यांनी संध्याकाळी सहापर्यंतच्या सुट्टीचा पास दिला. त्यावर विभागाचा शिक्का होता.

विम्याचे तपासणी डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी माझी पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, पोट दाबून पाहिलं. हिराबाईने केलं होतं तेच, पण जास्त वेळ घेऊन.

“रक्ताचा रिपोर्ट कुठे आहे?”

“घरी राहिला,” बाबा म्हणाले.

“पाच आठवडे घरीच राहिला?”

बाबा शर्टाचे खिसे चाचपू लागले.

“कावीळ असलीच तर बरी झालेली आहे,” डॉक्टर म्हणाले. “सोमवारपासून कामास योग्य.” त्यांनी पेन उचललं.

मला सोमवार दिसला. फळा, ट्यूबलाइट आणि भरलेला डावा ट्रे.

“मला कावीळ झाली नव्हती,” मी म्हणाले.

“शैला, गप्प बस.”

“मला डिप्रेशन आहे. मी तीन आठवडे मनोविकार वॉर्डात आहे. सहाच्या आत परत जायचं आहे.” मी पास टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी पास वाचला. पेनला टोपण लावलं. “हे काविळीचे दाखले कोणी मागितले?”

मी बाबांकडे पाहिलं नाही. यादीतल्या डॉक्टरवर टाकून देणं त्यांना सोपं होतं.

“मी मागितले,” बाबा म्हणाले. “चूक माझी आहे. तिची नाही.”

“गृहस्थ, कावीळ झालेली मुलगी बरी झाली म्हणून मी तिला कामावर पाठवत होतो. ही मुलगी बरी झालेली नाही. तिला आजारी असू द्या की.”

बाबांनी आतल्या खिशातून तीन आठवड्यांपूर्वीचा कागद काढला. घडीवर तो फाटत आला होता.

वॉर्डात येण्यापूर्वीचे दिवस विम्याने धरले नाहीत आणि बाबांकडून लेखी जबाब घेतला. दाखल झाल्यापासूनची रजा खऱ्या आजाराच्या नावाने मंजूर झाली. दीर्घ आजारांसाठी वेगळी तरतूद होती, तिच्यात मनाचे आजार होते. ती तरतूद आधीपासून छापलेली होती. आम्ही विचारलं नव्हतं.

बाहेर आल्यावर बाबा बसस्टॉपवर उभे राहिले.

“आता कंपनीत कळणार.”

“हो.”

“आणि उद्या स्थळ बघताना...” त्यांनी वाक्य सोडलं. घड्याळ पाहिलं. “सहाला पोचायचं ना? बसने नाही व्हायचं.” त्यांनी टॅक्सीला हात केला. माझ्या माहितीत बाबांनी स्वतःहून थांबवलेली ती पहिली टॅक्सी.

उजवा ट्रे

दोन महिन्यांनी मी कामावर गेले. टाइम ऑफिसमधल्या क्लार्कने दाखला वाचून विचारलं, “हे काय? तुला तर कावीळ होती ना?”

“नव्हती,” मी म्हणाले.

जेवणाच्या टेबलावर दोघींनी काही दिवस जागा बदलली. सावंतबाईंनी मला फळ्यासमोर बसवलं आणि माझा उजवा ट्रे पहिले आठ दिवस स्वतः पुन्हा तपासला. नवव्या दिवशी तपासला नाही. डिसेंबरमध्ये मी कायम झाले नाही. पुढच्या जूनमध्ये झाले.

तीन वर्षांनी आजार परत आला. या वेळी नाव माहीत होतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच देवस्थळींकडे गेले. दाखल व्हावं लागलं नाही. नंतर मी कारखाना सोडून वर्तमानपत्रात आले. लग्न झालं. पाहायला आलेल्या मंडळींना बाबांनी आजाराचं नाव सांगितलं. पहिले दोघे उठून गेले, तिसरे बसले.

गेल्या वर्षी, १९८८ साली, रुग्णालयाच्या खर्चाची एक नवी पॉलिसी घेऊन एजंट घरी आला होता. मी विचारलं, मनाच्या आजाराचं काय? तो हसला. “ते यात धरत नाहीत, मॅडम. तसलं कोण सांगतं?” मी पॉलिसी घेतली नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला माहीत होतं. जिथे ते धरतात, तिथेही कोणी सांगत नाही.

म्हणून शेवटी एक गोष्ट नोंदवते. मागच्या महिन्यात मी माहेरी होते. सकाळी हिराबाई आली. आता ती टोपली थोडी हळू उतरवते. आईने कोलंबी घेतली तरी ती उठेना.

“माज्या भावाची नात हाय,” ती आईला म्हणाली. “एकोनीस वर्साची. जेवत नाय, बोलत नाय. घरातली बोलतान कावील हाय, माज्याकडं आनली उतरवायला.” तिने माझ्याकडे पाहिलं. “डोले सफेद.”

“तिचे वडील कुठे असतात कामाला?” मी विचारलं.

“कंपनीत. जमीन गेली तवा लावला त्याला.”

“मग विम्याचं कार्ड असेल. त्यावर मुलीचंही नाव असतं.”

आई आत गेली. मला वाटलं कोलंबी ठेवायला गेली. ती कागद आणि माझं पेन घेऊन बाहेर आली, उंबऱ्यावर हिराबाईच्या शेजारी बसली आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहू लागली. रुग्णालयाचं नाव, दुसरा मजला, देवस्थळींचे वार, सोबत घरचं एक माणूस राहू द्या, तेल आणि कंगवा न्या. मग थांबून तिने कागदाच्या वरच्या मोकळ्या जागेत आजाराचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि हिराबाईला वाचून दाखवलं. कुलकर्णीकाकू त्यांच्या दारात उभ्या होत्या. आईने आवाज कमी केला नाही.